आकाशदर्शनाला आलेले लोक ‘काही दिसून नाही राहिलं’ म्हणत परत जातात? या चुका टाळा

दुर्बीण चांगली, आकाश स्वच्छ, गर्दीही भरपूर. तरी रांगेतला कुणीतरी नेत्रिकेला (ज्यातून बघायचं त्या भिंगाला) डोळा लावतो आणि म्हणतो, “काहीच दिसून नाही राहिलं, भाऊ!” नागपुरात लोकांना आकाश दाखवणाऱ्या हौशी मंडळींना हे वाक्य पाठ असेल. त्यावर “नीट बघा ना, काकाजी” असं उत्तर देऊ नका. बहुतेक वेळा काकाजी खरं बोलत असतात.

शनी पळून गेला

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि साध्या डॉब्सोनियन दुर्बिणीला (हाताने फिरवायच्या बैठकीवरच्या) ग्रहामागे फिरवणारी मोटार नसते. १२०० मिमी नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला १० मिमीची नेत्रिका लावली की वर्धन १२० पट होतं, म्हणजे वस्तू तितकी मोठी दिसते, पण दिसणारा आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाहूनही लहान राहतो. मधोमध आणलेला शनी साधारण ५० सेकंदांत कडेबाहेर जातो. पहिल्याला तो छान दिसतो, दुसऱ्याला कडेला दिसतो, तिसऱ्याला नुसता काळोख. तिसरा माणूस संकोची असेल तर “हो, दिसला” म्हणून पुढे जातो. हे जास्त वाईट, कारण चूक झाल्याचं तुम्हाला कळतच नाही.

उपाय दोन. पहिला, २५ मिमीची नेत्रिका लावा. वर्धन ४८ पटच मिळेल, शनी बारीक दिसेल, पण दिसेल. दुसरा, ग्रह मधोमध न ठेवता ज्या बाजूने तो आत येतो त्या कडेला ठेवा, म्हणजे पूर्ण क्षेत्र ओलांडायला त्याला दुप्पट वेळ लागेल. शिवाय दर दोन माणसांनंतर एका कार्यकर्त्याने स्वतः डोळा लावून खात्री करायची. त्याने त्या वेळी भाषण देऊ नये. ते काम रांगेच्या शेपटाशी उभ्या असलेल्या दुसऱ्याचं.

ग्रह जागेवर असूनही धूसर दिसत असेल तर चष्मा विचारा. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसची चाकी त्यांनाच हलकेच फिरवू द्या. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा राहू द्या. मुलांना मात्र हात पाठीमागे बांधायला सांगा. नेत्रिका हातात पकडली की दुर्बीण हललीच.

तारीख चुकली

कोजागिरीला सोसायट्यांची निमंत्रणं येतात: लोक जमणारच आहेत, दुर्बीणही लावा. दूध उत्तम असतं, चंद्र मात्र वाया जातो. पौर्णिमेला त्याच्यावर ऊन समोरून पडतं, विवरांच्या सावल्या नाहीशा होतात, डोळे दिपतात आणि आजूबाजूचे तारेही उजेडात बुडतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास प्रकाश-अंधाराच्या सीमारेषेवर विवरं उठून दिसतात आणि चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तर तो फारच वर असतो. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे तेव्हाचा अष्टमीचा अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. न्यूटनीय, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाला असते. सात वर्षांची मुलगी तिथवर पोचत नाही आणि नळीलाच लटकते. धरायला दांडी असलेला भक्कम स्टूल आणा. प्लॅस्टिकची खुर्ची नको.

याच २१ अंशांमुळे ध्रुवतारा इथे उत्तर क्षितिजापासून जेमतेम २१ अंशांवर असतो. मोटारीची विषुववृत्तीय बैठक (ध्रुवताऱ्याकडे रोखून लावायची, ताऱ्यांमागे आपोआप फिरणारी) लावणार असाल तर गच्चीवरून उत्तरेचं झाड किंवा टाकी आड येते का, ते आदल्या दिवशीच बघा.

गच्ची तापलेली

एप्रिल-मेमध्ये सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते आणि गुरू उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखा थरथरतो. गवताचं मैदान बरं. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येईल, पण सूर्य मावळेपर्यंत तिच्या आणि तिच्यावरच्या नेम धरायच्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या तोंडावर झाकण हवंच. हिवाळ्यात तलावाकाठी दव पडतं. काच रुमालाने पुसू नका, हेअर ड्रायरची मंद हवा लांबून द्या.

जे दिसणार नाही, ते आधीच सांगा

मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो, डोळ्याला राखाडी दिसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत. देवयानी दीर्घिका (अँड्रोमिडा गॅलेक्सी) म्हणजे एक धुरकट ठिपका. बघण्याआधी सांगा की हा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला, मग लोक त्या ठिपक्यापाशी थांबतात. शनीची कडी मार्च २०२५मध्ये आपल्याला कडेवरून दिसत होती, त्यानंतर ती हळूहळू उघडते आहे. चित्रातल्यासारखी रुंद कडी इतक्यात मागू नये, हेही सांगून टाका. आकाशगंगेचा पट्टा शहरातून दाखवण्याचं आश्वासन तर देऊच नका. तो हवा असेल त्यांना पेंचचा पत्ता द्या. जानेवारी २०२४मध्ये त्या जंगलाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली.

अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा एक टॉर्च ते सगळं पुसतो. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून ठेवा. तारे दाखवायचा हिरवा लेझर एकाच कार्यकर्त्याच्या हातात असू द्या. विमान दिसलं की बंद.

साडेसातीचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. वाद घालू नका. आजींना आधी शनी दाखवा, प्रश्नाचं नंतर बघू.