बीसी५४७ चा माईक अँप्लिफायर: आधी बायस, मग आवाज

सोलापुरातल्या डिप्लोमाच्या पोरांसाठी लिहितोय, कारण बीसी५४७ या ट्रान्झिस्टरवर माईकचा अँप्लिफायर करताना बरेच जण सोपं पडतं म्हणून बेसला (ट्रान्झिस्टरचे तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर) बायससाठी, म्हणजे सिग्नल नसतानाचा ठरलेला करंट मिळावा म्हणून, सप्लायवरून एकच मोठा रेझिस्टर लावतात आणि मग सर्किट एका ट्रान्झिस्टरवर चालतं, दुसऱ्यावर नाही. बीसी५४७ चा बीटा, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरला जातो तो आकडा, ११० ते ८०० मध्ये कुठेही असतो ओ, बी ग्रुप २०० ते ४५०, सी ग्रुप ४२० ते ८००. १२ व्होल्टवर २.२ मेगओहम लावला की बेसला ५ मायक्रोअँप जातो, बीटा २०० असेल तर कलेक्टरला १ मिलिअँप, छान, पण ५०० वाला बसवला की कलेक्टरच्या ४.७ के (किलोओहम) वरच सगळे १२ व्होल्ट पडतात आणि आवाज गायब. त्यात आपला मे महिना, पारा ४२-४३, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तापलं की बीटा वाढतो, बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागे २ मिलिव्होल्ट उतरतं.

म्हणून बेसला दोन रेझिस्टर लावा, वर सप्लायकडे ४७ के, खाली ग्राउंडकडे ८.२ के, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १०० ओहम आणि त्याच्या खाली १ के. पाय बघून घ्या, सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सिग्नल द्यायच्या आधी मल्टीमीटर लावायचाच, बेसला १.७, एमिटरला १.१, कलेक्टरला ७ व्होल्टच्या आसपास. हे आलं नाही तर पुढं जाऊच नका, वायरिंग तपासा. करंट आता एमिटरचे रेझिस्टर ठरवतात, त्यामुळे २० डिग्री वाढली तरी फरक ४-५ टक्क्यांचाच.

फक्त १ के ला १०० मायक्रोफॅरॅड पॅरलल लावा, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, साधारण ३८ येतो. १०० ओहम काढून टाकला तर १८० च्या पुढं जातो खरं, पण तो तापमानाबरोबर हलतो आणि आवाज फाटतो, मला ३८ च बरा वाटतो.

आता टेस्टिंग, मोबाईलवर टोन वाजवून. माईक देतो काही मिलिव्होल्ट, मोबाईलचा हेडफोन जॅक देतो शेकडो मिलिव्होल्ट, २०० मिलिव्होल्ट गुणिले ३८ म्हणजे साडेसात व्होल्ट, एवढी जागाच नाही, टोन कापला जाणार. तिथं अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, लागतो, दोनच रेझिस्टर, मोबाईलकडून १० के, मग १०० ओहम ग्राउंडला, मधल्या जोडावरून १० मायक्रोफॅरॅडमधून बेसला, कपॅसिटरची प्लस बेसकडे. सिग्नल शंभरावा भाग होतो, म्हणजे ४० डीबी (डेसिबल) कमी, २०० चे २ मिलिव्होल्ट, अगदी माईकएवढे. खालचा रेझिस्टर लहानच ठेवा, कारण अँप्लिफायरच्या इनपुटचा रेझिस्टन्स साधारण ५ के आहे, तिथं ४७ के वगैरे लावला तर हिशोबच बदलतो.

आणि कलेक्टरला ८ ओहमचा स्पीकर थेट लावू नका, गेन पार बसतो, मध्ये एलएम३८६ ही स्पीकर चालवणारी आयसी घ्या.