डीटीएच आणि रेकॉर्डरची तक्रार : घरातल्या तपासणीपासून ग्राहक आयोगापर्यंत

टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ असे दिसले की आपण ताबडतोब ग्राहक सेवा केंद्राला फोन लावतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारींचे बळ त्या पहिल्या फोनमध्येच संपते. पलीकडची व्यक्ती बॉक्स बंद करून पुन्हा सुरू करायला सांगते, चित्र तात्पुरते येते, तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होते आणि तीन दिवसांनी तोच बिघाड नव्या क्रमांकाने पुन्हा नोंदवावा लागतो. फोन अवश्य करावा. परंतु तो करण्यापूर्वी आपण काय पाहिले आणि फोननंतर काय लिहून ठेवले, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

हे मी चिपळूणच्या माझ्या मावशीच्या घरी शिकले. तिच्याकडे रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट टॉप बॉक्स होता आणि त्यात तिने चार-पाच वर्षांत नाट्यसंगीताचे कितीतरी कार्यक्रम साठवले होते. एकदा चित्र अडकू लागले म्हणून टेक्निशियन आला, त्याने पाच मिनिटांत बॉक्स बदलला, जुना पिशवीत घातला आणि तिची सही घेऊन निघून गेला. रेकॉर्डिंग त्या जुन्या बॉक्समध्येच होते, हे तिला रात्री कळले. आम्ही पुढे महिनाभर फोन केले. पण सही झालेली होती आणि लेखी असे आमच्या हातात काहीच नव्हते. पुढे जे लिहिले आहे ते बरेचसे त्या महिन्यातून आले आहे.

फोन करण्यापूर्वी घरात काय पाहावे

प्रथम पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलने फोटो काढावा, आणि त्यात एखादा क्रमांक असेल तर तो वाचता येईल इतक्या जवळून काढावा. ‘सिग्नल मिळत नाही’ आणि ‘हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही’ हे दोन सर्वस्वी वेगळे बिघाड आहेत. पहिल्याचे कारण छत्री (घराबाहेरची डिश), वायर किंवा हवामान यांत असते, तर दुसऱ्याचे कारण खात्यातील शिल्लक, पॅक किंवा बॉक्समधले कार्ड यांत. केवळ ‘टीव्ही दिसत नाही’ एवढेच सांगितले, तर पॅकचा घोळ असतानाही घरभेटीचे शुल्क आपल्या माथी येऊ शकते.

संदेश सिग्नलचा असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलची ताकद आणि सिग्नलची गुणवत्ता हे दोन आकडे पाहावेत. यातील गुणवत्तेचा आकडा अधिक महत्त्वाचा असतो, कारण छत्रीची दिशा थोडी जरी सरकली तरी ताकद बरी दिसत असताना गुणवत्ता घसरलेली असू शकते. माझी आग्रहाची सूचना अशी की, आकाश निरभ्र असताना हे दोन्ही आकडे एकदा कागदावर लिहून तो कागद बॉक्सखाली ठेवावा. डीटीएच सेवा केयू बँड या लहरींवर चालते आणि या लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. म्हणून कोकणातल्या धो धो सरीत काही मिनिटे चित्र जाणे हा दोष नव्हे. मात्र साध्या रिमझिमीतही चित्र फुटत असेल, तर छत्री सरकली आहे किंवा वायरीच्या जोडणीत पाणी शिरले आहे, असे समजण्यास जागा असते. उन्हाळ्यातला आकडा हाताशी असला की ‘पाऊस आहे, वाट पाहा’ या उत्तराला आपल्याला आधारानिशी प्रत्युत्तर देता येते.

त्यानंतर छत्रीसमोर काही आडवे आले आहे का, ते पाहावे. येथे एक फसगत होते. छत्रीच्या कलावरून ती आकाशात फार उंच पाहत नाही असे वाटते. प्रत्यक्षात लहरी बऱ्याच वरून येतात आणि छत्रीच्या आकारामुळे त्या खालून पुढे आलेल्या एलएनबीवर, म्हणजे दांड्याच्या टोकाशी असलेल्या लहरी टिपणाऱ्या भागावर, एकवटतात. टाटा प्ले ज्यांवर अवलंबून आहे ते जीसॅट-१० आणि जून २०२२ मध्ये सोडलेला जीसॅट-२४ हे उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहेत, आणि महाराष्ट्रातून ते दक्षिण-आग्नेय दिशेला साठ अंशांहून अधिक उंचीवर येतात. याउलट १०८ अंशांजवळचे उपग्रह पूर्वेकडे अधिक झुकलेले आणि बरेच खाली असतात, त्यामुळे शेजारची नवी इमारत किंवा वाढलेले आंब्याचे झाड त्यांच्या आड लवकर येते. दोन वर्षे उत्तम चाललेली सेवा हळूहळू बिघडत गेली असेल, तर आधी झाडाकडे पाहावे. फांदी तोडण्याने सुटणाऱ्या प्रश्नासाठी नवा बॉक्स घेतलेली घरे मी पाहिली आहेत.

मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र जाते, कारण तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या प्रारणात सिग्नल बुडून जातो. हे आपोआप थांबते. त्यासाठी कोणाला बोलावू नये.

गच्चीच्या कठड्यावर किंवा उतरत्या छपरावर चढून स्वतः छत्री हलवू नये. जमिनीवरून हात पोहोचेल एवढ्याच जोडण्या तपासाव्यात आणि तत्पूर्वी बॉक्सचा वीजपुरवठा बंद करावा.

रेकॉर्डिंग का फसते आणि कसे जपावे

रेकॉर्डरबद्दलचा राग वेगळा असतो, कारण गेलेला कार्यक्रम पुन्हा मिळत नाही. रेकॉर्डिंग फसण्याची नेहमीची कारणे मोजकीच आहेत. रात्री सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले तर लावून ठेवलेले रेकॉर्डिंग होत नाही. रिमोटने बॉक्स झोपवणे आणि वीज तोडणे यांत हाच फरक आहे. कार्यक्रमाची वेळ वाहिनीने ऐनवेळी बदलली आणि ती बॉक्समधील कार्यक्रमपत्रिकेत उतरली नाही, तर शेवटची दहा मिनिटे कापली जातात. म्हणून सेटिंगमध्ये सोय असेल तर कार्यक्रमाच्या आधी व नंतर पाच-दहा मिनिटांची जास्तीची वेळ लावावी. एक कार्यक्रम पाहताना दुसरा रेकॉर्ड करायचा असेल तर बॉक्सला दोन ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारे दोन भाग, लागतात, आणि अनेक जोडण्यांत त्यासाठी छत्रीपासून दोन स्वतंत्र वायरी आणलेल्या असतात. त्यातली एक निसटली की काही वाहिन्यांचे रेकॉर्डिंग होते आणि काहींचे होत नाही, आणि दोष बॉक्सचा आहे असे वाटत राहते. डिस्क भरली असेल तर काही बॉक्स जुने कार्यक्रम आपोआप पुसतात. जपायच्या कार्यक्रमाला ‘पुसू नये’ अशी खूण करण्याची सोय आहे का, ते पाहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रेकॉर्डिंग साधारणतः सांकेतिक स्वरूपात साठवलेले असते आणि ते त्याच बॉक्सशी किंवा कार्डाशी बांधलेले असते. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क दुसऱ्या बॉक्सला किंवा संगणकाला लावली तर ती वाचली जाईलच असे नाही, आणि नवा बॉक्स ती वापरण्यापूर्वी कोरी करायला सांगू शकतो. त्यामुळे बॉक्स बदलण्याची वेळ आल्यास, टेक्निशियन येण्याच्या आधीच, ‘माझ्या रेकॉर्डिंगचे काय होईल, आणि जुन्या बॉक्सची दुरुस्ती शक्य आहे का’ हा प्रश्न ई-मेलने विचारावा आणि उत्तर येईपर्यंत बॉक्स देऊ नये. मावशीच्या बाबतीत हा एक ई-मेल पुरेसा झाला असता. वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॉक्सला लहान यूपीएस जोडणेही हिताचे असते, कारण डिस्क फिरत असताना वीज गेली तर ती खराब होऊ शकते.

पैशांचा आणि पॅकचा हिशेब

चॅनेल अचानक दिसेनासे झाले किंवा शिल्लक अपेक्षेपेक्षा लवकर संपली, तर कंपनीच्या अॅपमधून व्यवहारांचा तपशील उतरवून घ्यावा आणि त्याचे तीन भाग करावेत: नेटवर्क शुल्क (वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे), सशुल्क चॅनेलांची किंवा समूहांची (एकत्र विकल्या जाणाऱ्या चॅनेलांची) किंमत, आणि कर. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, हिच्या २०१७ च्या चौकटीनुसार ग्राहकाला चॅनेल सुटे निवडण्याचा अधिकार आहे, आणि सुट्या चॅनेलांच्या व समूहांच्या किमतींची माहिती ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर पाहता येते. नेटवर्क शुल्कावर पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मधील दुरुस्तीने ती काढून टाकली गेली, त्यामुळे आज त्या जुन्या आकड्यावर तक्रार उभी करू नये. आपण न मागितलेला समूह लावला गेला का, हा मुद्दा अधिक भक्कम आहे. केवळ मराठी बातम्या आणि दूरदर्शन सह्याद्रीसारख्या वाहिन्या पाहणाऱ्या घराने मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिशचाही विचार करावा.

तक्रार कशी लिहावी

ग्राहक सेवेला फोन केल्यावर तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नये. त्याच दिवशी तोच मजकूर ई-मेलने पाठवावा आणि भावना आवरून फक्त घटना लिहाव्यात. उदाहरणार्थ: ‘माझा ग्राहक क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी सायंकाळी सातपासून सर्व वाहिन्यांवर सोबतच्या छायाचित्रातील संदेश दिसत आहे. आकाश निरभ्र आहे. सिग्नलची गुणवत्ता पूर्वी इतकी होती, आता इतकी आहे. तक्रार क्रमांक अमुक. बॉक्समध्ये रेकॉर्डिंग असल्यामुळे, माझ्या लेखी संमतीशिवाय तो बदलू नये. सेवा बंद असलेल्या दिवसांची रक्कम खात्यात जमा करावी.’ शेवटची मागणी नेमकी असावी. ‘योग्य ती कारवाई करावी’ असे लिहिले की कारवाई काय असावी हे कंपनीच ठरवते.

मुदतींची माहिती असणे येथे उपयोगी पडते. ट्रायच्या २०१७ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनुसार सिग्नल नसल्याच्या तक्रारीला आठ तासांत प्रतिसाद मिळायला हवा, रात्री नोंदवलेल्या तक्रारीला दुसऱ्या दिवशी. बिलाच्या तक्रारी सात दिवसांत निकाली निघाव्यात आणि परतावा देय असल्यास तो तीस दिवसांत मिळावा. इतर तक्रारींसाठी ७२ तासांची मुदत आहे. ही मुदत ई-मेलमध्ये नमूद करावी, कारण त्यामुळे पुढच्या अधिकाऱ्याला उशीर मोजावा लागत नाही.

उत्तर मिळाले नाही तर

मुदत उलटल्यावर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्राहक सेवा केंद्रात न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. त्याचा पत्ता आणि ई-मेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. पहिला तक्रार क्रमांक, फोटो आणि आधीचा ई-मेल एकाच पत्रासोबत जोडावा. अनेकजण या टप्प्यावर थेट ट्रायला पत्र लिहितात. परंतु ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे त्यात केवळ वेळ जातो.

नोडल अधिकाऱ्याच्याही उत्तराने समाधान झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कंपनीकडे तक्रार पाठवून समेट घडवू पाहते. तरीही माझ्या मते ही पायरी टाळू नये, कारण येथे कंपनीने दिलेले उत्तर लेखी असते. मार्गदर्शन हवे असल्यास १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही आहेत.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणून कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी रत्नागिरीच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही, मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि जानेवारी २०२५ पासून सुरू असलेल्या ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार भरता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. काही शे रुपयांसाठी एवढी यातायात करावी का, असे विचारले जाते. केवळ एका महिन्याच्या शुल्काचा प्रश्न असेल तर बहुतेकदा हेल्पलाइनवरच थांबणे शहाणपणाचे. पण हमीच्या मुदतीत बॉक्सचे पैसे उकळले गेले असतील किंवा वारंवार न मागितलेले पॅक लावले जात असतील, तर आयोगाकडे जाणे मला योग्य वाटते.

टेक्निशियन दारात आल्यावर

काम सुरू होण्यापूर्वी शुल्क लागेल का हे विचारावे आणि लागणार असेल तर पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. बॉक्स बदललाच, तर जुन्या व नव्या दोन्ही बॉक्सचे अनुक्रमांक फोटोत टिपावेत आणि जुना बॉक्स नेल्याची पोच घ्यावी. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की तक्रार बहुधा बंद होते. म्हणून तो लगेच सांगू नये. आधी सिग्नलची गुणवत्ता कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावी, दोन-तीन वाहिन्या फिरवाव्यात, एका वाहिनीवर पाच मिनिटे रेकॉर्डिंग लावून त्याच वेळी दुसरी वाहिनी पाहावी, आणि ते रेकॉर्डिंग टेक्निशियनच्या समोरच चालवून पाहिल्यावर ओटीपी द्यावा.