समलिंगी जोडीदार आणि कंपनीचं धोरण: जाहिरातीआधी फॉर्म दुरुस्त करा

समलिंगी विवाहाच्या बाजूने उभं राहायचं असं कंपनीत ठरलं की पहिली सूचना लोगोत सप्तरंग भरण्याची येते. ते काम शेवटी करायचं. आधी एचआरकडून चार फॉर्म मागवून घ्या: आरोग्य विम्यातल्या कुटुंबीयांचा, पीएफच्या नामनिर्देशनाचा, ग्रॅच्युइटीचा आणि अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा त्याचा. चारही ठिकाणी नुसतं 'पती/पत्नी' छापलेलं असेल, तर बाहेर काहीही जाहीर केलंत तरी तुमच्याच कर्मचाऱ्याच्या पदरात काही पडलेलं नाही.

पुढचं सगळं भारतातल्या खासगी कंपन्यांसाठी आहे. पन्नास माणसांचं ऑफिस असो की हजारांचा कारखाना, क्रम हाच ठेवा.

कायद्याबद्दल एक पान, आणि ते अचूक

कामाला लागण्यापूर्वी संचालक, एचआर आणि जनसंपर्क या तिघांच्या हातात एकच पान द्या. या विषयावर जाहीर बोलताना कंपन्या बहुतेक वेळा इथेच घसरतात. त्या पानावर इतकं असावं:

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की विवाह करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि समलिंगी विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे कायदेमंडळाने ठरवायचं. यावर पाचही जणांचं एकमत होतं. विवाहाखेरीज 'सहजीवना'ला कायदेशीर मान्यता मिळावी का, यावर मात्र निकाल ३ विरुद्ध २ असा लागला. चंद्रचूड आणि कौल हे दोघे न्यायमूर्ती मान्यतेच्या बाजूने होते, पण अल्पमतात राहिले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

म्हणजे 'न्यायालयाने समलिंगी विवाहावर बंदी घातली' हे चूक, आणि 'समलिंगी विवाहाला आता मान्यता आहे' हेही चूक. नोंदणी होत नाही, पण एकत्र राहणं, समारंभ करणं, एकमेकांना जोडीदार म्हणणं यात गुन्हा नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीचं भिन्नलिंगी नातं असेल तर प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हे याच निकालात स्पष्ट केलंय. अशा कर्मचाऱ्याला 'तुमचं समलिंगी धोरणात बसवतो' असं सांगणं चुकीचं आणि अपमानकारक आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँक आणि केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि खात्यावर एकमेकांना नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं, की कुटुंब उभं करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही. कंपनीला जी मोकळीक आहे ती या जागेतच: कायदा जिथे हात बांधत नाही, तिथे तुम्ही स्वतःहून देऊ शकता.

'जोडीदार' शब्दाची व्याख्या

सगळं धोरण या एका परिच्छेदावर उभं राहतं. असा मसुदा चालतो:

'जोडीदार म्हणजे कर्मचाऱ्याचा पती, पत्नी, किंवा कर्मचाऱ्याने लेखी घोषित केलेली, त्याच्या वा तिच्यासोबत सहजीवन जगणारी १८ वर्षांवरील व्यक्ती. लिंग कोणतंही असो. एका वेळी एकाच जोडीदाराची नोंद होईल. नातं संपल्याचं कर्मचाऱ्याने कळवल्यावर नोंद रद्द होईल.'

यातला 'लिंग कोणतंही असो' हा भाग मुद्दाम ठेवा. 'फक्त समलिंगी जोडीदारांसाठी' असा वेगळा फॉर्म काढलात, तर तो भरणं म्हणजेच स्वतःबद्दल जाहीर करणं होतं, आणि मग कोणी भरत नाही. वर्षभर एकही अर्ज आला नाही की 'आपल्याकडे तसं कोणी नाहीच' असा निष्कर्ष निघतो. लग्न न केलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांनाही तोच फॉर्म लागू केलात तर खर्च थोडा वाढेल, पण फॉर्म हातात घ्यायला कोणी कचरणार नाही. वाढीव खर्च सोसून हाच पर्याय निवडावा.

पुरावा किती मागायचा? साधी कसोटी लावा: विवाहित कर्मचाऱ्याकडून जे मागत नाही, ते इथेही मागायचं नाही. बायकोचं नाव घालताना विवाह प्रमाणपत्र पाहत नसाल, तर इथे नोटरीचं प्रतिज्ञापत्र, संयुक्त भाडेकरार आणि एकत्र फोटो मागण्याचं कारण नाही. एका पानाची सही केलेली घोषणा पुरे. गैरवापराची भीती वाटत असेल तर जुनी नोंद रद्द झाल्यावर नवी नोंद सहा महिन्यांनी, एवढा नियम करा.

मेडिक्लेम: सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम

गट आरोग्य विम्यात 'कुटुंब' म्हणजे कोण, हे पॉलिसीच्या व्याख्येत लिहिलेलं असतं. कंपनीचं धोरण बदललं म्हणून विमा कंपनी बांधली जात नाही. ही व्याख्या पॉलिसीत लेखी बदलून घ्यावी लागते आणि त्यासाठी योग्य वेळ नूतनीकरणाची. मुदत संपायच्या निदान ९० दिवस आधी ब्रोकरला लिहा. शेवटच्या आठवड्यात विषय काढला तर 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर येतं.

ब्रोकरकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पॉलिसीत 'जोडीदार' हा शब्द लिंगाच्या अटीविना येईल. घोषणापत्राशिवाय दुसरा पुरावा दाव्याच्या वेळी मागितला जाणार नाही. आणि वर्षाच्या मध्ये जोडीदाराचं नाव कधी घालता येईल. हा तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात. नवविवाहितांना मधेच नाव घालण्याची सोय असते, पण तिची मुदत लग्नाच्या तारखेपासून मोजली जाते. इथे ती तारीखच नसते. म्हणून 'घोषणापत्राची तारीख ही विवाहाच्या तारखेप्रमाणे धरली जाईल' असं वाक्य घालून घ्या.

हे सगळं जमलं तरी खरी अडचण पोर्टलवर येते. कर्मचारी स्त्री असेल आणि नात्यात 'स्पाउज' निवडलं, की अनेक पोर्टल समोरच्या व्यक्तीचं लिंग आपोआप 'पुरुष' भरून टाकतात. त्या क्षणी कुणाच्या लक्षात येत नाही. ई-कार्ड छापलं जातं, मेलवर येतं, बॅगेत पडून राहतं. मग एखाद्या रात्री अॅडमिट करायची वेळ येते, कॅशलेसच्या खिडकीवर आधार कार्ड आणि ई-कार्ड शेजारी ठेवलं जातं, लिंग जुळत नाही, आणि मंजुरी अडकते. हे टाळायला पॉलिसी सुरू होताच एचआरने स्वतः एक चाचणी नोंद करून पाहावी: स्त्री-स्त्री आणि पुरुष-पुरुष, दोन्ही. कार्ड डाउनलोड करून त्यावरचा प्रत्येक शब्द वाचावा. अडत असेल तर विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीएकडून ते दुरुस्त करून घ्यावं, आणि तोवर एका जबाबदार माणसाचा चोवीस तास चालणारा फोन कर्मचाऱ्यांना द्यावा.

कराचा मुद्दा वेगळा आहे. कुटुंबीयांच्या आरोग्य विम्याचा हप्ता कंपनीने भरला तर कर्मचाऱ्याला करात सवलत असते, पण प्राप्तिकराच्या 'कुटुंबा'त विवाहाविना जोडीदार येत नाही. त्यामुळे जोडीदाराच्या वाट्याचा हप्ता करपात्र सुविधा ठरू शकतो. पहिला पगार काढण्याआधी कर सल्लागाराचं लेखी मत घ्या. कर लागणार असेल तर तो कंपनीने सोसावा, म्हणजे दोन सहकाऱ्यांच्या हाती पडणारी रक्कम सारखी राहील.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी: इथे आश्वासन देऊ नका

धोरण जाहीर करताना उत्साहात 'आता सगळे लाभ सारखे' असं लिहिलं जातं. ते खरं नाही, आणि त्याची किंमत कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी मोजतं.

पीएफच्या योजनेत 'कुटुंबा'ची ठरलेली व्याख्या आहे. तिच्यात पती किंवा पत्नी, मुलं आणि आश्रित आई-वडील येतात. या व्याख्येतलं कोणी हयात असेल तर बाहेरच्या व्यक्तीच्या नावाने केलेलं नामनिर्देशन अवैध ठरतं. ग्रॅच्युइटीचंही तसंच. याचा व्यवहारातला अर्थ असा: अविवाहित कर्मचाऱ्याचे आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर जोडीदाराला नॉमिनी करता येणार नाही. आई-वडील आश्रित नसतील आणि कुटुंबातलं दुसरं कोणी नसेल, तर कुणालाही करता येतं. 'आश्रित' या एका शब्दावर सगळं फिरतं. मेडिक्लेममध्ये वडिलांना आश्रित दाखवून पीएफमध्ये 'कुटुंब नाही' लिहिलं, की पुढे वाद ठरलेलाच. दोन्ही फॉर्म समोरासमोर ठेवून तपासा.

कंपनीने काढलेल्या गट मुदत विम्यात जोडीदाराला नॉमिनी करता येतं, पण तिथेही मेख आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्यात आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं हे नॉमिनी रकमेचे हक्कदार ठरतात. बाकीचे नॉमिनी पैसे स्वीकारतात, मात्र कायदेशीर वारस त्यांच्याकडे ते मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी हा मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय.

म्हणून या लाभांच्या पानावर ठळक लिहा: 'नॉमिनेशन पुरेसं नाही, मृत्युपत्र करा.' दोन साक्षीदारांसमोर सही, आणि ज्याला मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण घरच्यांचा विरोध असेल तर केलेली बरी. कंपनीला खरंच काही करायचं असेल तर वर्षातून एकदा वकील बोलावून कर्मचाऱ्यांना मृत्युपत्र मोफत करून द्यावं, अर्थात सगळ्यांनाच. दुसरा उपाय कंपनीच्या स्वतःच्या निधीतला: कर्मचाऱ्याने नेमलेल्या व्यक्तीला द्यायचं ठराविक सानुग्रह अनुदान. त्यावर पीएफची व्याख्या लागू होत नाही.

रजा, बदलीचा खर्च, कंपनीचं घर, जोडीदार गेल्यावरची दुखवट्याची रजा हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. आजच बदला. मूल दत्तक घेताना विवाह नसेल तर कायद्याने दोघांपैकी एकच पालक होतो. दुसऱ्याला रजा तुमच्या धोरणातूनच मिळेल.

माहिती कुणाच्या डोळ्यांखालून जाते

व्यक्तीचा लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात आलंय. ऑफिसात तो फुटतो साध्या एक्सेल शीटमधून. ब्रोकरला पाठवायची कुटुंबीयांची यादी विभागप्रमुखांना 'तपासून घ्या' म्हणून जाते, आणि दुपारच्या चहापर्यंत बातमी मजलाभर होते. घोषणापत्र थेट एचआरमधल्या नेमलेल्या दोन माणसांकडेच जावं. यादीत वरिष्ठांना सीसी नको. पगारपत्रकावर 'जोडीदार हप्ता' अशी ओळ नको, 'विमा' पुरे. घरच्या पत्त्यावर पत्र पाठवण्याआधी विचारा, कारण अनेकांच्या घरी माहीत नसतं.

आतला विरोध

कुणाला हे पटणार नाही. धर्म, संस्कार, सवय, कारण काहीही असेल. मतदान घेऊ नका. सहकाऱ्याला विमा मिळावा का हा बहुमताचा प्रश्न नाही. मत बदलण्याचा आग्रहही धरू नका. रेषा वागणुकीवर ओढा: 'तुमचं मत तुमच्यापाशी. सहकाऱ्याची टिंगल, त्याच्यासोबत काम करायला नकार, त्याची माहिती पसरवणं यावर कारवाई होईल.' एवढं लेखी असलं की पर्यवेक्षकाला काय करायचं ते कळतं. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत तर २०१९ चा कायदाच नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो आणि तक्रार अधिकारी नेमायला सांगतो.

ग्राहकाला सेवा देणारे व्यवसाय

हॉल, केटरिंग, फोटोग्राफी, पत्रिका छपाई. इथे भूमिका कळते ती बुकिंगच्या फॉर्मवर. 'वराचं नाव, वधूचं नाव' या जागी 'पहिली व्यक्ती, दुसरी व्यक्ती' करा. पत्रिकेच्या तयार साच्यात एका नावाआधी 'चि.' आणि दुसऱ्याआधी 'चि. सौ. कां.' पक्कं बसवलेलं असतं. दोन्ही जागा बदलता येतील अशा ठेवा आणि काय छापायचं ते जोडप्याला विचारा. 'मुलीकडचे कोण?' हा प्रश्न काउंटरवरून काढून टाका. पॅकेजमध्ये 'विवाह नोंदणी सहाय्य' असेल तर ती होणार नाही हे पैसे घेण्याआधी सांगा आणि तेवढी रक्कम वजा करा.

बाहेर बोलायची वेळ

टाटा स्टीलने २०१९ मध्ये धोरण बदलून कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना लाभ दिले. अॅक्सिस बँकेने २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांना मेडिक्लेममध्ये जोडीदार आणि ग्राहकांना संयुक्त खातं अशी घोषणा केली. दोन्ही ठिकाणी बोलण्यामागे दाखवण्याजोगी वस्तू होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डाबरने करवा चौथ साजरा करणाऱ्या दोन स्त्रिया दाखवणारी, फेम या ब्लीच क्रीमची जाहिरात काढली. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला, आणि कंपनीने ती मागे घेऊन माफी मागितली. मागे घेतलेल्या जाहिरातीने दोन्ही बाजू दुखावतात: विरोधक शांत होत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी केली त्यांना एकटं पाडल्यासारखं वाटतं.

म्हणून प्रसिद्ध करण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. धोरण लागू होऊन निदान तीन महिने झालेत का? जाहिरातीत दिसणारी माणसं आणि आपले समलिंगी कर्मचारी यांना धोका सांगून संमती घेतली का? दबाव आला तर निर्णय घेणारी एकच व्यक्ती कोण, आणि ती पहिले ४८ तास फोनवर मिळेल का? दुकानातल्या, गोदामातल्या, वितरकाकडच्या माणसांना कुणी जाब विचारला तर काय म्हणायचं ते दिलंय का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण राग मुख्यालयावर निघत नाही, शटर उघडणाऱ्या पोरावर निघतो. त्याच्यासाठी दोनच वाक्यं पाठ करण्याजोगी असावीत:

'आमची कंपनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना सारखं वागवते. तुमचं म्हणणं मी लिहून घेतो, ऑफिसमधून तुम्हाला फोन येईल.'

वाद घालायचा नाही, व्हिडिओ काढणाऱ्याचा फोन हिसकायचा नाही. गर्दी वाढली तर शटर खाली ओढून ११२ ला फोन, आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. हे त्याला आधी, लेखी कळवा.