रक्तविकारशास्त्र शिकताना : मराठवाड्यातील निवासी डॉक्टरांसाठी

मराठवाड्यातील कोणत्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन ओपीडीत बसले, की दुपारपर्यंत 'रक्त कमी आहे' एवढाच शेरा असलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर जमतो. त्यांपैकी बहुतेकांना लोहाची किंवा बी-12 ची गरज असते, काहींना सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे आनुवंशिक आजार असतात, आणि एखाद्याच्या रक्तात ब्लास्ट पेशी (रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या अपक्व पेशी) सापडतात. या गठ्ठ्यातून तो एक जण वेळेत ओळखता येणे हा रक्तविकारतज्ज्ञाच्या शिक्षणाचा गाभा आहे, आणि माझ्या मते त्याची सुरुवात डीएमची (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीची) जागा मिळेपर्यंत लांबवू नये. एमडीच्या पहिल्या वर्षात, आपल्याच महाविद्यालयात, आपल्याच सूक्ष्मदर्शकाखाली काय करता येईल, ते येथे मांडतो.

आधी औपचारिक मार्ग. साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्षाची इंटर्नशिप, नीट-पीजीनंतर तीन वर्षांचे एमडी आणि नीट-एसएसनंतर तीन वर्षांचे डीएम क्लिनिकल हेमॅटॉलॉजी किंवा डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची समकक्ष पदवी), असा हा प्रवास कोठेही न अडखळता साडेअकरा वर्षांचा आहे. मेडिसिन आणि बालरोग या नेहमीच्या वाटा आहेत; पॅथॉलॉजीतून येणाऱ्यांपैकी अनेक जण हेमॅटोपॅथॉलॉजीकडे (रक्तविकारांच्या प्रयोगशाळेतील निदानाकडे) वळतात. पात्रतेचे तपशील त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रिकेत पाहावेत, सिनियरच्या आठवणीवर विसंबू नये. छत्रपती संभाजीनगरचे 'घाटी' (1956), अंबाजोगाई (1974) आणि नांदेड (1988) ही आपल्याकडची जुनी शासकीय महाविद्यालये एमडीसाठी उत्तम भूमी आहेत. डीएमसाठी मात्र बहुतेकांना मुंबई, वेल्लोर, चंडीगड किंवा दिल्ली गाठावी लागते. तेथे गेल्यावर ज्याने आधी दोन-तीन हजार स्मिअर (काचेवर पसरवलेले रक्ताचे थर) स्वतः पाहिलेले असतात, तो पहिल्या आठवड्यातच वेगळा उठून दिसतो.

म्हणून पहिला नियम असा की, ज्या रुग्णाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बिघडलेला आहे, त्याचा स्मिअर स्वतः काढावा, स्वतः रंगवावा आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येण्यापूर्वी स्वतः वाचून आपले मत वहीत लिहून ठेवावे. थेंब लहान घ्यावा, पसरवण्याची काच तीस ते पंचेचाळीस अंशांत धरावी आणि हात मध्ये थांबू देऊ नये. स्मिअर जिभेसारखा उतरला पाहिजे आणि काचेच्या टोकापर्यंत जाता कामा नये. लिशमनचा रंग घालून दोन मिनिटे ठेवावा, मग त्याच्या दुप्पट बफरचे (पीएच स्थिर ठेवणारे) पाणी घालून सात ते दहा मिनिटे थांबावे. येथे मराठवाड्यातील एक जुने दुखणे सांगितले पाहिजे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड असते, आणि बफर संपले म्हणून तेच पाणी वापरले की लाल पेशी गुलाबी न दिसता निळसर-राखाडी होतात, इओसिनोफिलचे (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) दाणे मळकट दिसतात आणि शिकाऊ डॉक्टर पेशींना दोष देत बसतो. बफरचा पीएच 6.8 ठेवावा आणि मे महिन्यात रंगाची बाटली खिडकीजवळच्या उन्हात ठेवू नये.

स्मिअर वाचण्याचाही एक क्रम असावा. आधी कमी भिंगाखाली शेपटीच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके आहेत का, ते पाहावे. कारण ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या, की यंत्र संख्या खोटी कमी दाखवते, आणि डेंग्यूच्या दिवसांत 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' (गावाकडे प्लेटलेटला सर्रास पांढऱ्या पेशीच म्हणतात) या भीतीने तालुक्याहून धावत आलेल्या माणसाला विनाकारण प्लेटलेटची पिशवी लावली जाते. शंका असेल तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घ्यावा. त्यानंतर लाल पेशींचे आकार आणि रंग, मग न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) केंद्रके आणि शेवटी ब्लास्टचा शोध.

केंद्रकांच्या खंडांचे महत्त्व मला एका चुकीने शिकवले. निवासी असताना परभणीकडचा एक तिशीचा शेतकरी तिन्ही पेशी (लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट) कमी असलेल्या स्थितीत माझ्या वॉर्डात आला. मॅरोत (हाडाच्या आतल्या मगजात) मोठ्या, जाळीदार केंद्रकाच्या अपक्व पेशी भरपूर होत्या. मी केसपेपरवर 'अक्यूट ल्युकेमिया?' असे लिहिले आणि रात्रीच्या राऊंडला ते नातेवाइकांच्या कानावरही घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भाऊ बैलजोडीचा सौदा करायला गावी निघाला होता. सरांनी स्मिअर मागवला, दोन मिनिटे पाहिला आणि मला सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर बसवून एका न्यूट्रोफिलकडे बोट दाखवले. त्याच्या केंद्रकाचे सहा खंड होते, ही बी-12 च्या अभावाची खूण. ती अपक्व पेशींची गर्दी ल्युकेमियाची नव्हती, बी-12 च्या अभावाने वाढ अडलेल्या लाल पेशींच्या पूर्वज मेगॅलोब्लास्ट होत्या. बी-12 ची इंजेक्शने सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) वर आले. भावाला एसटी स्टँडवरून परत बोलावले होते, बैल राहिले. तेव्हापासून बी-12 चा विचार केल्याशिवाय मी तिन्ही पेशी कमी असलेल्या कोणालाही रक्ताचा कर्करोग म्हटलेले नाही, आणि शंका फक्त केसपेपरवर लिहितो, नातेवाइकांना सांगत नाही.

बोन मॅरो तपासणी शिकताना हातापेक्षा आधी तोंड तयार करावे लागते. मॅरो म्हटले की लोकांना 'मणक्यातलं पाणी' काढणार असे वाटते आणि त्याने पाय जातात ही समजूत पक्की आहे. म्हणून पालथे किंवा कुशीवर झोपवण्यापूर्वी रुग्णाचा हात त्याच्याच कमरेमागच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवून 'सुई इथे, हाडात जाणार. मणक्यापासून लांब' असे दाखवावे. यास अर्धे मिनिट लागते आणि नकार बहुतेक वेळा गळून पडतो. भूल देताना हाडाच्या आवरणापर्यंत औषध पोचले पाहिजे, कारण दुखते ते तेथेच. स्मिअरसाठी पहिले 0.2 ते 0.3 मिलीच घ्यावे; त्याच ओढीत अधिक घेतले, की नुसते रक्त मिसळते आणि रिपोर्टवर 'डायल्यूट' असा शेरा येतो. ट्रेफाइनचा (सुईने काढलेल्या हाडाचा) तुकडा किमान दीड ते दोन सेंटीमीटरचा असावा. फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरील खुणा ओळखण्यासाठी) ईडीटीए आणि सायटोजेनेटिक्ससाठी (गुणसूत्रांच्या तपासणीसाठी) हेपारिन या नळ्या सुई घालण्यापूर्वीच नाव लिहून ट्रेमध्ये ठेवाव्यात. नमुना मुंबई-पुण्याला कुरिअरने जाणार असेल तर शनिवारी दुपारी मॅरो करू नये आणि उन्हाळ्यात नळी बर्फाला थेट चिकटू देऊ नये.

नमुन्याच्या वेळेची शिस्त सगळ्यात जास्त मोडते ती रक्त भरताना. हिमोग्लोबिन 4 असलेले मूल रात्री दाखल होते, ड्यूटीवरचा डॉक्टर योग्य काळजीने रक्त लावतो आणि सकाळी एचपीएलसीसाठी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या चाचणीसाठी) जे रक्त पाठवले जाते त्यात रक्तदात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले असते. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे निदान मग तीन महिने पुढे ढकलावे लागते. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी एक ईडीटीएची नळी बाजूला काढून ठेवण्याचा नियम कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावावा. लोहाच्या तीव्र कमतरतेत एचबीए2 चे (थॅलेसेमियाच्या निदानासाठी मोजल्या जाणाऱ्या हिमोग्लोबिनचे) प्रमाण खाली दिसू शकते, त्यामुळे सीमेवरचा रिपोर्ट लोह दिल्यावर पुन्हा तपासावा.

वॉर्डातील दोन प्रसंग असे आहेत, की त्यांत पुस्तक उघडायलाही वेळ नसतो. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल 500 च्या खाली असताना ताप आला, तर कल्चर (जंतू ओळखण्यासाठी नमुना) घेऊन तासाच्या आत प्रतिजैविक गेले पाहिजे. एक्स-रेची वाट पाहू नये. दुसरा प्रसंग प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियाचा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि स्मिअरमध्ये काड्यांच्या जुडगीसारख्या ऑवर रॉड्स (पेशीतल्या लालसर काड्या) असलेल्या पेशी दिसल्या, की जनुकीय चाचणीचा रिपोर्ट येण्याआधीच एट्राच्या (या ल्युकेमियावरील औषधाच्या) गोळ्या सुरू कराव्यात. हा ल्युकेमिया आज मोठ्या प्रमाणावर बरा होतो. माणसे दगावतात ती पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने.

आता संशोधन. एमडीच्या प्रबंधासाठी विषय मागायला आलेला विद्यार्थी बहुधा एखादे जनुक घेऊन येतो, ज्याची चाचणी त्याच्या महाविद्यालयात होत नाही आणि जिचा खर्च कोण देणार हे कोणालाच ठाऊक नसते. माझा आग्रह असतो, की आधी आपल्या ओपीडीचे रजिस्टर उघडावे. बॉम्बे ब्लड ग्रुप या दुर्मीळ रक्तगटाचा शोध 1952 मध्ये भेंडे आणि सहकाऱ्यांनी लावला, तो 'ओ' गटाचे रक्तही का जुळत नाही, या रक्तपेढीतल्या नेहमीच्या कामात उभ्या राहिलेल्या प्रश्नातून. आपल्याकडे असे प्रश्न पडून आहेत : तिन्ही पेशी कमी असलेल्या रुग्णांत बी-12 चा वाटा किती, किनवट-माहूर भागातले सिकलसेलचे रुग्ण हायड्रॉक्सियुरिया हे औषध कधी आणि का सोडतात, तापापासून पहिल्या प्रतिजैविकापर्यंत आपल्या वॉर्डात खरोखर किती मिनिटे जातात. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले; तपासणीनंतर रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र जिल्ह्यातल्या डॉक्टरनेच विचारायचा आहे. दुर्मीळ चाचणी लागलीच, तर मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तेथे आधी पत्र लिहून नमुना कसा पाठवायचा ते विचारून घ्यावे.

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी एथिक्स कमिटीची मंजुरी हाती असावी, आणि त्यापूर्वी एकही नमुना 'संशोधनासाठी' म्हणून घेऊ नये. उपचारांची तुलना करणारी चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करावी. संमतिपत्राचे मराठी ही माझी खास तक्रार आहे. 'यादृच्छिकीकरण' हा शब्द ऊसतोडीला जाणाऱ्या बाईपुढे ठेवण्यात काय अर्थ आहे? 'कोणते औषध मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल. डॉक्टर निवडणार नाहीत' असे लिहावे. मसुदा तयार झाला, की तो वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या अंगठ्याबरोबर त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते. तो साक्षीदार आपल्याच युनिटचा इंटर्न असू नये.

पाठपुराव्याचे वेळापत्रक आखताना पंचांगाबरोबर गाळप हंगामही पाहावा. बीड, धाराशिव आणि आसपासच्या भागातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागताना परततात. ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या रुग्णाची तिसऱ्या महिन्याची भेट जानेवारीत ठेवली तर ती होणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. रुग्णाबरोबर मुकादमाचा किंवा गावातल्या आशाताईंचा फोन नंबरही, रुग्णाच्या परवानगीने, नोंदवावा आणि शक्य असेल तेथे कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयातून सीबीसी मिळवण्याची सोय लावावी. जे रुग्ण तरीही परत आले नाहीत, त्यांची संख्या आणि कारणे प्रबंधात वेगळ्या तक्त्यात द्यावीत. ते निकालातून गुपचूप वगळू नयेत. स्लाइडवर हिऱ्याच्या पेन्सिलने क्रमांक कोरावा, कारण चिकटपट्टीचे लेबल दुसऱ्या पावसाळ्यात गळून पडते आणि मग पेटीतल्या दोनशे काचा कोणाच्या आहेत, ते कोणालाही सांगता येत नाही.