नेव्हीतून आर्मीत जायचंय? मग हे आधी वाच

आमच्या दादरच्या चाळीतला एक पोरगा कुलाब्याला नेव्हीत आहे, परवा विचारत होता, दादा बदली मागून आर्मीत जाता येतं का. अरे भावा, ही काय बेस्टची बस आहे का उतरून दुसरी पकडायला? साधा अर्ज करून एका दलातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही.

पण रस्ता आहे, आणि चांगला आहे. सेलर (नेव्हीचा जवान) किंवा एअरमन (एअरफोर्सचा जवान) असलास तरी आर्मी कॅडेट कॉलेजमधून आर्मीचा ऑफिसर होता येतं. बारावी पास, वय २० ते २७, निदान २ वर्षं सर्व्हिस. अर्ज युनिटमधूनच, कमांडिंग ऑफिसरच्या सहीने जातो, म्हणून आधी तिथल्या क्लार्कशी गोडीने बोल, फाईल त्याच्याच टेबलावर अडकते. लेखी परीक्षा झाली की पाच दिवसांचा एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायच्या चाचण्या नि मुलाखत, मग डेहराडूनला ३ वर्षं डिग्री आणि वर आयएमएत, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमीत, १ वर्ष.

ग्रॅज्युएट असशील तर सीडीएस, म्हणजे यूपीएससीची ऑफिसर भरतीची परीक्षा, वर्षातून दोनदा. त्यात आयएमएसाठी इंग्रजी, जीके, गणित, प्रत्येकी १०० मार्क, पण वयाची अट कडक आणि लग्न झालेलं चालत नाही. फॉर्म भरल्याचं ऑफिसला लेखी कळवायचं, न सांगता भरलास तर पुढे लफडं.

एसएसबीत पहिल्याच दिवशी धूसर चित्र दाखवतात, ३० सेकंद बघायचं, ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. रोज विरार लोकलमध्ये चढणाऱ्या माणसांना बघून गोष्टी रच, फुकटची प्रॅक्टिस.