श्टुटगार्टला एक सेमिस्टर: बॅग उघडण्याआधी पत्रपेटीवर नाव लावा

व्हिसा झाला, लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कुठले विषय घ्यायचे त्या करारावर, दोन्ही विद्यापीठांच्या सह्या झाल्या, जाडं जॅकेट घेतलं, हे सगळं झालंय असं धरते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या राज्यात, सेमिस्टरला 1,500 युरो फी असते, ती एक्सचेंजवाल्यांना माफ असते, हेही तुम्हाला ठाऊक असेल. आता जे सांगतेय ते कुठल्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत नसतं. खोलीची किल्ली हातात पडली की आधी खाली जा आणि पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव लावा.

जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. इमारतीत बारा बिऱ्हाडं असली तरी पत्ता एकच. पोस्टमन पेट्यांवरची आडनावं वाचतो. जुळलं तर पाकीट आत, नाही तर परत. खाली वॉचमन नसतो, त्यामुळे चौकशी करायला कोणी नाही. आणि पाकीट परत गेलं हे तुम्हाला कोणीही कळवत नाही, खरा घात तिथे होतो. तुम्ही तीन आठवडे 'येईल, येईल' म्हणत बसता.

तिकडे बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी पोस्टानेच येतात. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात. विम्याचं कार्ड. टॅक्स नंबर. परदेशी नागरिक कार्यालयाची पत्रं. कार्ड मिळून पिन परत गेला तर कार्डाचा उपयोग काय? पिवळ्या रंगाचं पाकीट आलं तर ते सरकारी असतं. पोस्टमन त्यावर तारीख घालून ते पेटीत टाकतो आणि त्या दिवसापासून मुदत मोजली जाते, तुम्ही ते उघडा वा नका उघडू. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला फक्त दोन आठवडे असतात. म्हणून नाव लावलं की पेटी रोज उघडायची सवयही लावा.

पट्टी साधी कागदाची चालते. पासपोर्टवरचं आडनाव, त्याच स्पेलिंगने, छापील मोठ्या अक्षरांत. वर पारदर्शक सेलोटेप, कारण पेट्या बाहेर असतील तर पावसात शाई पसरते. तशीच दुसरी पट्टी बेलच्या बटणाशेजारी, पार्सलवाला तीच शोधतो. होस्टेलमध्ये पाटी बदलायचं काम हाउसमाइस्टरचं, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याचं असतं. त्याला त्याच दिवशी ई-मेल करा आणि पाटी येईपर्यंत कागद लावून ठेवा. कोणाच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर मूळ भाडेकरूचं नाव पेटीवर राहू द्या, खाली तुमचं जोडा, आणि पट्टी लागेपर्यंत प्रत्येक फॉर्मवर 'द्वारा अमुक' अशा अर्थाची सी-ओ ही खूण घालून त्याचं नाव लिहा. मग स्वतःलाच एक पोस्टकार्ड पाठवा. ते पेटीत पडलं की निर्धास्त.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. अपॉइंटमेंट भारतात असतानाच शोधायला लागा. कोणी म्हणेल, 'माझ्या पत्त्यावर नोंदव, नंतर बघू.' हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. राहत नसलेल्या माणसासाठी पत्ता देणाऱ्याला कायद्याने 50,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुमची सगळी पत्रं त्याच्या पेटीत अडकतात ती वेगळीच. दोन आठवड्यांतली अपॉइंटमेंट मिळाली नाही तर मात्र जीव टांगणीला लावू नका. वेळेत प्रयत्न केल्याचा ई-मेल जपून ठेवा. कार्यालयांना गर्दी माहीत असते.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रुंडफुंकबाइट्रागचं पत्र येतं, रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका, दंडासह परत येतं. शुल्क माणशी नसून घरटी आहे: फ्लॅटमेट आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक उत्तरात कळवा, तुमचं माफ.

पैशांचं थोडक्यात. ब्लॉक्ड खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो सुटतात, पण पहिला हप्ता बहुधा नोंदणी आणि जर्मन बँक खातं झाल्यावरच. तोवर भाडं, डिपॉझिट, जेवण यांसाठी 1,500 युरो तरी वेगळे हाताशी हवेत. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. स्वस्त म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतलीत तर त्या शिक्षणक्रमापुरतं परत फिरता येत नाही. घाईत सही करू नका. डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-ट्रेनचा मासिक पास, 2026 पासून महिन्याला 63 युरो; बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवा. विनातिकीट सापडलात तर 60 युरो.

श्टुटगार्टची खास गोष्ट म्हणजे केअरवोखं. दाराला एक पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडून पुसायची पाळी तुमची. शेजारी हे फार मनावर घेतात, आणि पाळी नीट केलीत तर तेच शेजारी पुढे तुमचं पार्सल घेऊन ठेवतात.

स्वयंपाकात दोन अडचणी हमखास. शेगडी इंडक्शनची असेल तर घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. इंडक्शनचा तळ असलेला तीन लिटरचा स्टीलचा न्या. पोळीला 405 नंबरचं पीठ घेतलंत तर तो मैदाच; 1050 नंबरचं आणि फोल्कोर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, निम्मं निम्मं मिसळा, पाणी थोडं जास्त घाला, अर्धा तास झाकून ठेवा. फोडणीआधी खिडकी पूर्ण उघडा, धुराचा अलार्म मोहरीलाही वाजतो. हिवाळ्यात खोलीत कपडे वाळत घालून खिडकी बंद ठेवलीत तर भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी आणा.

अभ्यासात घाबरवणारं फारसं नाही. वेळेपुढे सी-टी लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो. 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास. घरी आकडा सांगताना हे आधी सांगा. पण परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. वर्गात सगळे तास बसलात तरी नोंदणी नसेल तर पेपर देता येत नाही. तारीख पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. विद्यापीठाने दिलेला बडी, म्हणजे मदतीला नेमलेला तिथला विद्यार्थी, शहर दाखवायला उत्सुक असतो. त्याला त्याऐवजी दोन तास घरी बोलवा आणि आलेली पत्रं त्याच्याबरोबर वाचा. एवढी मदत बहुतेकजण मनापासून करतात.

परतीच्या वेळी पत्ता रद्द करण्याची नोंद निघण्याआधी जास्तीत जास्त एक आठवडा करता येते, त्याहून आधी नाही. त्या कागदाची प्रत विमा आणि मोबाइल कंपनीला पाठवा. बँक खातं मात्र डिपॉझिट जमा होईपर्यंत बंद करू नका, त्याला कधीकधी काही महिने लागतात.