बीड मिलिंगने नॅनो पावडर: दळणं सोपं, सुटं ठेवणं अवघड

बीड मिलिंग म्हणजे जारमध्ये छोटे मणी घालून, तो फिरवून पावडर दळणं. आमच्याकडे नवीन आलेला प्रत्येकजण आधी हेच विचारतो की किती तास फिरवू, पण खरा प्रश्न डिस्पर्संट (कणांवर बसून त्यांना सुटं ठेवणारं रसायन) कुठला आणि किती हा आहे, कारण कण फुटला की नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्याला कोणी झाकलं नाही तर तो शेजारच्या कणाला जाऊन चिकटतो, मग तुम्ही रात्रभर दळा नाहीतर आठवडाभर.

आता प्लॅनेटरी मिलचं सांगतो, म्हणजे ज्यात जार स्वतःभोवतीही फिरतो आणि मशीनच्या मध्याभोवतीही. झिर्कोनियाचे (झिर्कोनियम ऑक्साइडचे) मणी घ्या, यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलेले, जड असतात आणि झिजतात कमी. आधी 3 मिमीच्या मण्यांनी माल काही मायक्रॉनपर्यंत आणा, मग गाळून 0.5 किंवा 0.1 मिमीचे. एकदम बारीक मणी टाकू नका, मोठ्या कणाला ते फोडूच शकत नाहीत. जारचा साधारण 60 टक्के भाग मणी, त्यात पावडर, आणि डिस्पर्संट विरघळवलेलं पाणी थोडं थोडं, स्लरी, म्हणजे हे पातळ मिश्रण, इंजिन ऑइलसारखी वाहेपर्यंत. फार पातळ केली तर मणी एकमेकांवरच आपटतात आणि झिर्कोनिया तुमच्या मालात उतरतं.

ऑक्साइड असेल तर पीएच बघाच. टायटेनियाचा (टायटेनियम डायऑक्साइडचा) आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला कणांवरचा चार्ज शून्य होतो तो, 6 च्या आसपास, म्हणजे साध्या पाण्यात कणांवर चार्ज जवळजवळ नाही आणि सगळं गोळा होणार. पीएच 9 च्या पुढे न्या, झीटा पोटेन्शियल (कण एकमेकांना किती ढकलतात याचं विद्युत माप) उणे 30 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं की बरं.

दहा मिनिटं फिरवा, दहा मिनिटं थांबा. तापलेला जार लगेच उघडायचा नाही, आत प्रेशर असतं, अल्कोहोल वापरलं असेल तर आग लागू शकते. आणि ॲल्युमिनियमसारखी धातूची पावडर पाण्यात दळायचीच नाही, हायड्रोजन सुटतो.

दर तासाला एक थेंब काढून, पातळ करून डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) बघा. माझ्या एका बॅचमध्ये साइज 180 नॅनोमीटरपर्यंत उतरली आणि पुढच्या तासाला चक्क 240, मी वेडा अजून दोन तास दळत बसलो, झाकण काढलं तर मणी सगळे तळाशी लगद्यात रुतलेले, चमचा उभा राहील असे. थोडं डिस्पर्संट वाढवून वीस मिनिटं फिरवलं, परत पातळ झालं, साइजही खाली आली. तेव्हा आकडा उलटा फिरला की आधी मशीन बंद.

शेवटी मण्यांपेक्षा बारीक चाळणीतून गाळा, आणि जमलं तर स्लरीच ठेवा, ओव्हनमध्ये वाळवली की पुन्हा ढेकळं.